आधी बयान, मग सामान

गुरुलिंगअप्पांनी आयुष्यात एकदाही कॉम्प्युटर चालू केला नाही. बंदही केला नाही. ‘खटक्याचं काम ज्याचं त्यानं करावं,’ असं त्यांचं म्हणणं होतं. तरीसुद्धा नव्वदच्या पुढच्या तीन-चार वर्षांत परभणी जिल्ह्यात कुठेही की-बोर्ड मुका झाला किंवा माउस अडून बसला, की पहिला निरोप अप्पांना जाई. दुसरा निरोप कंपनीच्या इंजिनिअरला. इंजिनिअर आठ दिवसांनी येई, टाय लावून येई, आणि पंख्याखाली बसून घाम पुसत पहिला प्रश्न विचारी, “अप्पा येऊन गेले का?”

अप्पा मुळात टाइपरायटरचे मेकॅनिक. उंची बेताची, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर शाईचा एक कायमचा डाग. काखेत खाकी पिशवी. तिच्यात दोन ब्रश, एक चिमटा, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, पेट्रोलची एक बाटली आणि कापडाच्या पट्टीत ओळीने टोचून ठेवलेले बाभळीचे काटे. “सुई गंजते. काटा गंजत न्हाई,” हे त्याचं कारण. एसटीत कंडक्टर बाटलीकडे बोट दाखवून विचारी, “अप्पा, ह्यात काय हाय?”

“औषध.”

“कशावरचं?”

“लोखंडाच्या.”

कंडक्टर तिकीट फाडी. अप्पांच्या चेहऱ्याकडे पाहून पुढचा प्रश्न विचारायची सोय नसे.

पिशवीतली सगळ्यात मोलाची वस्तू मात्र हत्यार नव्हती. ती होती लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबोडकी वही. प्रत्येक पानावर फूटपट्टीने आखलेले चार रकाने: गाव, बिघाड, कारण, जबाबदार. काम झालं की अप्पा स्वतः चारही रकाने भरत आणि ऑफिसातल्या मोठ्या माणसाची सही घेत. मी ती वही अनेकदा चाळली आहे. करमणुकीसाठी चाळली आहे, हे कबूल करतो. ‘जबाबदार’च्या रकान्यात एका पानावर ओळीने असं लिहिलेलं होतं: ‘हवामान. वय. उंदीर. मागचा मेकॅनिक. हवामान. तलाठीसाहेबांचा नातू.’ खाली तलाठीसाहेबांची सही.

माझा परभणीत टायपिंगचा क्लास होता. अकरा मशीन आणि भिंतीवर एक घड्याळ. अप्पा जिन्याखाली उभे राहूनच आमच्या क्लासची तब्येत ओळखत. एकदा वर येऊन म्हणाले, “सर, तिसऱ्या मशीनवर बसलेल्याचा अंगठा झोपलाय. शब्द एकमेकांना चिकटायलेत.” मी जाऊन पाहिलं. तिसऱ्या मशीनवरच्या गृहस्थांनी दीड पान एकाच शब्दात टाइप केलं होतं.

त्यांची कामाची पद्धत एका ओळीची होती. ‘आधी बयान, मग सामान.’ म्हणजे मशीनला हात लावण्याआधी माणसांचा जबाब घ्यायचा. शेवटी कोण बसलं होतं? उठताना काय झालं? त्याच्यानंतर खोलीत कोण आलं? झाडलं कोणी? ही चौकशी ते चहाबरोबर करत, आणि चहा बशीत ओतून, फुंकर घालून, अगदी सावकाश पीत. घाई असलेल्या माणसाला ती पंधरा मिनिटं पाहवत नसत.

“माणसं खोटं बोलतात म्हणून हे विचारता का?” मी एकदा विचारलं.

“न्हाई सर. खोटं कोणी बोलत न्हाई. सांगायचं राहून जातं. निम्मे बिघाड हे सांगायचं राहिल्यामुळं होतात. उरलेले उंदरामुळं.”

ताडकळसच्या एका कार्यालयातला किस्सा सांगतो. तिथल्या टाइपरायटरचा ‘र’ उठत नव्हता. लिपिकाने आठवडाभर ‘र’ नसलेला पत्रव्यवहार करून पाहिला होता. पण जिल्ह्याचं नावच परभणी, त्यामुळे पत्ता लिहिण्यापर्यंतच गाडी अडत होती. अप्पांनी चहा घेतला. लिपिकाचं बयान झालं. शिपायाचं झालं. मग अप्पांनी सहज विचारलं, “बाजाराच्या दिवशी काय खाता?” लिपिक म्हणाला, काही नाही. शिपाई छताकडे पाहायला लागला. अप्पांनी काटा काढला, ‘र’च्या दांडीखाली घातला आणि एक अख्खा शेंगदाणा बाहेर काढून टेबलावर ठेवला. तिखटमीठ लावलेला होता. वहीत लिहिलं: ‘बिघाड: र. कारण: चिवडा. जबाबदार: आठवडी बाजार.’ लिपिकाचं नाव आलं नाही. त्यानंतर तो लिपिक अप्पांना पाहिलं की उभा राही.

एक्याण्णव साली मी क्लासात कॉम्प्युटर आणला. त्याला स्वतंत्र खोली, दाराला पडदा, आत पाय धुऊन यायचं, चपला बाहेर. आम्ही त्याच्याशी हळू आवाजात बोलत असू. अप्पा पहिल्या दिवशी येऊन दारात उभे राहिले. माउस म्हणजे उंदीर हा विनोद तेव्हा परभणीत प्रत्येकाने निदान एकदा केला होता. अप्पांनी केला नाही. त्यांनी माउसला ‘साबण’ म्हटलं आणि की-बोर्डला ‘फळी’, आणि पुढे तीच नावं ठेवली.

चौथ्याच महिन्यात फळीची सात-आठ बटणं बसली ती उठेनात. मी घाबरून इंजिनिअरला तार केली. अप्पा तेवढ्यात आले, बयान घेतलं, मला कॉम्प्युटर बंद करायला लावला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

“अप्पा, तिकडे काय बघता?”

“पडदा काळा झाला का सांगा. पडद्यात काय चालतं ते माझ्या खात्यात न्हाई. माझं वायरीच्या ह्या टोकाचं.”

मग त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, फळी सोडवून उलटी धरली आणि सुपातलं धान्य पाखडावं तशी पाखडली. वर्तमानपत्रावर जे पडलं त्याची त्यांनी मोठ्या गांभीर्याने छाननी केली. बडीशेप एका बाजूला. नखं दुसऱ्या बाजूला. पेन्सिलीचं टोक, भाजलेले तीळ, आणि एक काळा मणी. मणी त्यांनी कागदात बांधून माझ्याकडे दिला. “संध्याकाळच्या बॅचमधल्या एखाद्या बाईचा असंल. सगळ्यांसमोर इचारू नका.” मी एकेकीला विचारलं. तिसऱ्या बाईंनी मणी घेतला आणि डोळे पुसले. वहीत त्या दिवशीचा ‘जबाबदार’ होता: ‘बडीशेप’.

आता मुख्य गोष्ट. विद्यापीठाचं नामांतर व्हायला अजून वर्ष होतं. कापसाचा हंगाम होता. दुपारी एकच्या सुमाराला जिंतूरहून क्लासात फोन आला. तिथल्या एका सहकारी जिनिंगच्या ऑफिसात माझी विद्यार्थिनी शोभा ऑपरेटर म्हणून लागली होती. सहा महिने तात्पुरती. तिच्या घरात नोकरीला लागलेलं ते पहिलंच माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी संचालकांची बैठक होती. तिच्यात सभासदांची नवी यादी वाचली जायची होती आणि शोभाला कायम करायचं की घरी पाठवायचं हेही ठरायचं होतं. ती सकाळपासून जुन्या यादीत नवी नावं भरत होती. तीनशेच्या वर नावं भरून झाली आणि फळी बंद पडली. माउसही अडला.

“सर, बटण दाबलं की काहीच होईना. बाण आडवा सरकतो, वर चढत नाही.”

“यादी सेव्ह केलीय ना?”

“नाही सर. सगळं झाल्यावर शेवटी करणार होते.”

मॅनेजर रंगनाथराव तिच्या मागेच उभे होते. त्यांचा आवाज आला, “बंद करून चालू कर म्हणावं! रेडिओ होतो तसा होईल चालू!” मी ओरडलो, बंद करू नका. बंद केलं की तीनशे नावं गेली. आणि जिंतूरला त्या आठवड्यात रोज पाचला वीज जात होती. बॅटरीचा डबा मंजूर झाला होता, आला नव्हता.

मी आणि अप्पा मिळेल त्या एसटीने निघालो आणि साडेतीनला पोचलो.

ऑफिस जिनिंगच्या आवारातच होतं. कापसाची रुई हवेत तरंगत होती. टेबलावर, फायलींवर, शिपाई सटवाजीच्या मिशीवर. रंगनाथराव माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त त्यांचा कुलपांवर फार विश्वास होता. कमरेला किल्ल्यांचं पाव शेराचं जुडगं. कपाटाला कुलूप, टेलिफोनच्या चकतीला कुलूप, पाण्याच्या माठाच्या पेल्याला साखळी आणि साखळीला कुलूप. ज्याला किल्लीचं भोक आहे ते उघडं राहता कामा नये, हा त्यांचा नियम होता.

ते आम्हाला पाहताच म्हणाले, “अप्पा, तुमच्या वहीत जबाबदार म्हणून ह्या मुलीचं नाव लिहा. उद्या बैठकीत दाखवायचंय. मशीन खराब केलं हिनं.”

शोभा भिंतीला टेकून उभी होती. दुपारपासून उभीच असावी.

“लिहू की,” अप्पा म्हणाले. “आधी बयान. चहा हाय का?”

पावणेचार. अप्पांनी बशीत चहा ओतला. मी घड्याळाकडे पाहत होतो. शोभा घड्याळाकडे पाहत होती. रंगनाथराव घड्याळाकडे पाहून जुडगं वाजवत होते. अप्पा बशीकडे पाहत होते.

“बस माय. कवा बंद पडलं?”

“दुपारी. मी डबा खायला गेले तेव्हा चालू होतं. आले तर बंद.”

“किती येळ गेली होतीस?”

“वीस मिनिटं. मशीन चालूच ठेवलं होतं अप्पा, यादी उघडी होती म्हणून.”

“खोलीत कोण आलं मधी?”

“मला नाही माहीत.”

अप्पांनी सटवाजीकडे पाहिलं. सटवाजीने रंगनाथरावांकडे पाहिलं, मग मिशीवरची रुई काढायला लागला.

“बरं,” अप्पा म्हणाले. त्या ‘बरं’मध्ये एक बयान पूर्ण झालं होतं, पण ते फक्त अप्पांना माहीत होतं. “आन् नावं साठवून ठेवायची शेवटी, हे कुणी शिकीवलं?”

शोभाने माझ्याकडे पाहिलं. पापणी लवायच्या आत दुसरीकडे पाहिलं. “तशी माझीच समजूत होती,” ती म्हणाली.

मी खोलीच्या छताचं निरीक्षण केलं. चांगलं छत होतं.

सव्वाचारला अप्पांनी माउस हातात घेतला. पालथा केला. खालची चकती अंगठ्याने फिरवून काढली, आतली रबरी गोळी तळव्यावर घेतली आणि सटवाजीला म्हणाले, “ही धर. खाली पाडू नको. तोंडात बी टाकू नको.” गोळीच्या जागी आत दोन बारीक दांड्या असतात. गोळी फिरली की त्या फिरतात; एक बाणाला आडवं नेते, दुसरी उभं. दुसरीवर कापसाची रुई गुंडाळून गुंडाळून अशी घट्ट बसली होती, की चरख्यावर कातल्यासारखं सूत दिसत होतं. अप्पांनी बाभळीचा काटा काढला आणि ती रुई पदरापदराने सोडवायला घेतली. मधे थांबून ती उजेडात धरून म्हणाले, “धागा चांगला हाय. लांब हाय.”

“अप्पा, साडेचार झाले!” रंगनाथराव म्हणाले.

“घड्याळ दुरुस्त हाय म्हणायचं मग.”

चार चाळीसला गोळी परत आत गेली. शोभा खुर्चीत बसली. बाण पडद्यावर माशीसारखा भिरभिरला. अप्पा भिंतीकडे तोंड करून उभे. “घाई करू नको. वर चढतोय का?”

“चढतोय.”

“मग जा सावकाश. जिना हाय असं समज.”

बाण वर चढला. वरच्या पट्टीतले पर्याय उघडले. तिने ‘सेव्ह’वर एकदा टिचकी मारली. डब्यातून घर्र घर्र असा आवाज आला आणि थांबला.

“झालं का?” अप्पांनी भिंतीला विचारलं.

“झालं,” शोभा म्हणाली, आणि मग रडली.

रंगनाथराव म्हणाले, “रडायला काय झालं? फळी अजून बंदच आहे.” त्यांच्याही तोंडी फळीच आली.

अप्पा खाली बसले. वायर पाहिली, ओढून पाहिली. मग कॉम्प्युटरच्या डब्याच्या दर्शनी बाजूला एक छोटं गोल भोक होतं, त्याच्यावरून बोट फिरवलं. दोन वर्षांत तसली भोकं मी रोज पाहत होतो. ती कशासाठी आहेत हे कंपनीच्या पुस्तकात वाचलंही होतं, पण ऐन वेळी मला आठवलं नव्हतं.

“साहेब,” अप्पा खालूनच म्हणाले, “तुमच्या जुडग्यात एक आखूड, गोल नळीची किल्ली असंल बघा.”

रंगनाथरावांचा हात कमरेला गेला आणि तिथेच राहिला. ‘जागा सोडली की कुलूप’ हा नियम त्यांनीच भिंतीवर लावला होता. दुपारी शोभा डबा खायला गेली, मशीन उघडं दिसलं, आणि त्यांनी नियमाप्रमाणे किल्ली फिरवली होती. मशीन चालूच राहिलं. फक्त फळीचं तोंड बंद झालं. त्या किल्लीने नक्की काय बंद होतं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्यांनी जुडगं सोडून अप्पांच्या हातात दिलं. अप्पांनी किल्ली फिरवली. शोभाने एक बटण दाबलं. पडद्यावर अक्षर उमटलं.

पाचला सात मिनिटं कमी. अप्पांनी लाल वही उघडली आणि एकाच्या जागी तीन ओळी लिहिल्या. ‘साबण. कारण: रुई. जबाबदार: कापूस.’ ‘फळी. कारण: कुलूप. जबाबदार:’ इथे जागा सोडली. ‘यादी अडकली. कारण: शेवटी साठवायची सवय. जबाबदार:’ इथेही जागा सोडली. मग वही रंगनाथरावांपुढे केली.

“साहेब, दुसरी ओळ तुमी भरा. माझं अक्षर खराब हाय.”

मी त्यांचं अक्षर वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. छापल्यासारखं होतं.

रंगनाथरावांनी पेन घेतलं. त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. एकदा शोभाकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेला नख लावत होती. मग त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, पुढे हुद्दा लिहिला, आणि सवयीने ड्रॉवरचं कुलूप काढून वर रबरी शिक्काही मारला. शिक्का उचलला आणि वीज गेली.

आम्ही एसटी स्टँडवर आलो. शोभा मागून जवळजवळ पळत आली. अप्पांच्या पाया पडायला वाकली, तसं त्यांनी हात आडवा धरला.

“थांब. यादी साठवलीस ना?”

“तुमच्यासमोरच नाही का अप्पा!”

“मी भिंतीकडं बघत होतो.”

“साठवली.”

“मग पड.”

दुसऱ्या दिवशी बैठकीत यादी वाचली गेली आणि शोभा कायम झाली. ठराव रंगनाथरावांनी मांडला. त्यांनी भिंतीवरचा नियमही बदलला, असं सटवाजीने नंतर सांगितलं. नवा नियम होता: ‘कुलूप लावण्यापूर्वी विचारावे.’

परतीच्या एसटीत तासभर मी अप्पांच्या शेजारी बसलो होतो. तिसऱ्या ओळीबद्दल मी बोललो नाही. त्यांनी विचारलं नाही. पिशवी मांडीवर घेऊन ते झोपले, किंवा झोपल्यासारखे दिसले. मी मात्र दुसऱ्या दिवशी क्लासात फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘दर दहा ओळींनंतर सेव्ह करा.’ आधी काय शिकवत होतो, ते विद्यार्थ्यांना सांगायचं राहून गेलं.

पुढच्या जानेवारीत नामांतर झालं. अर्ज टाइप करून घ्यायला येणाऱ्यांच्या कागदावर विद्यापीठाचं नाव लांब झालं, की-बोर्डांवरचा भार वाढला. मी अप्पांना म्हटलं, बटणं लवकर झिजणार. अप्पांनी बशीवर फुंकर घातली. “चांगल्या नावानं झिजायलेत. झिजू द्या.”

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बाभळीच्या काट्याचं टोक दिसेना, तेव्हा त्यांनी स्वतःच काम थांबवलं आणि लातूरला मुलीकडे राहायला निघाले. पोचवायला मी स्टँडवर गेलो. ते खिडकीशी बसले. खिडकीची काच अडत होती. त्यांनी खाचेतून बोट फिरवून तिकिटाचा एक बोळा काढला, काच वर सरकवली आणि बोळा खिशात ठेवला. ड्रायव्हर चढला. इंजिन सुरू झालं.

“अप्पा,” मी खिडकीखालून म्हणालो, “एक सांगायचं राहिलंय.”

“जिंतूरचं का?”

“शेवटी सेव्ह करायचं हे मीच शिकवलं होतं तिला. सगळ्यांनाच शिकवत होतो.”

अप्पांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी पिशवीचं तोंड उघडलं, चाचपडत लाल वही काढली, पानं उलटली आणि नेमकं ते पान बोटाने धरून वही खिडकीतून बाहेर दिली. दोन ओळी भरलेल्या होत्या, दुसरीवर जांभळा शिक्का होता. तिसरी मोकळीच होती. वहीपाठोपाठ पेनही आलं.

“तुमीच भरा सर. माझं अक्षर खराब हाय.”

मी वही एसटीच्या पत्र्यावर टेकवली. पत्रा थरथरत होता, त्यामुळे माझं नाव वेडंवाकडं आलं. वही परत दिली. अप्पांनी ती डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, ओळ वाचली, ओल्या शाईवर चहावर घालत तशी सावकाश फुंकर घातली आणि वही मिटली.

“तुमचं बी खराबच हाय की,” ते म्हणाले.

एसटी हलली.